एकच प्रश्न, चार वेळा

आमच्या वरच्या खोलीत अकरा वर्षं राहिलेल्या माणसाबद्दल मला खात्रीने माहीत असलेलं सगळं एका पोस्टकार्डावर मावेल. ते डेन्मार्कचे होते. तिकडच्या विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर संस्कृत आणि धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवला होता. बायको नव्हती, एक भाची होती. चहात आलं चालायचं, वेलची चालायची नाही. बाकी जे मी त्यांच्याबद्दल इतकी वर्षं धरून चालले होते त्यातलं निम्मं चुकीचं निघालं, आणि उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मी एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. माणसाची फाइल उघडली की जन्मतारखेपासून निवृत्तीपर्यंतचे कागद ओळीने लागतात. यांची फाइल लागत नाही.

आमच्या घरात ते साहेब, बाकी आमच्या बुढापारा मोहल्ल्यात सगळे त्यांना जर्मन अंकल म्हणत. पहिल्या वर्षी मी लोकांना दुरुस्त करत असे. त्यांनी स्वतः कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. पानवाला म्हणाला, "अंकल, जर्मनी में तो बहुत ठंड पड़ती होगी," तर ते थोडा विचार करून सांगत की होय, जर्मनीत थंडी पडते. ते खोटंही नव्हतं.

मराठी ते जुन्या पुस्तकांतून शिकले होते. दारात उभं राहून म्हणायचे, "मी आपणांस व्यत्यय तर आणीत नाही ना?" आतून आई म्हणायची, "काय म्हणून राहिले जी? आत या ना." माझी आई भंडाऱ्याकडची. बाबा रेल्वेत होते म्हणून आम्ही रायपूरला आलो आणि इथलेच झालो, पण आईच्या बोलण्यात फरक पडला नाही. साहेबांच्या मात्र पडला. दोन वर्षांत ते "आपण भोजन करून राहिले काय?" असं विचारायला लागले, आणि प्रत्येक गोष्टीला छत्तीसगढी 'हव' म्हणायला लागले. होकाराला हव, ऐकतोय हे सांगायला हव, पटलं नाही तरी हव. त्यामुळे त्यांनी नक्की काय मान्य केलं हे नंतर ठरवता येत नसे.

आईला ते सुरुवातीला 'माताजी' म्हणाले. आई म्हणाली, "मी तुमच्याहून लहान आहो जी. मले माताजी नका म्हणू." तेव्हापासून 'ताई'. मला ते 'व्यवस्थापिका' म्हणत. मी ते कौतुक समजत होते.

त्यांचा स्वतःचा धर्म कोणता, हे कोणालाच ठरवता आलं नाही. बुद्धपौर्णिमेला पांढरा सदरा घालून ते आमच्या आधी विहारात हजर असत. शेजारच्या साहू भाभींकडे सत्यनारायणाला मांडी घालून अखेरपर्यंत बसत आणि पंडितजींचा श्लोक चुकला की डोळे मिटून घेत. रविवारी सकाळी चर्चला जात, पण बाहेरच्या बाकावरच बसत. आत का जात नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "आतले मला पाठ आहे." एकदा साहू भाभींनी सरळ विषय काढला.

"अंकल, आप आखिर हैं क्या?"

"किराएदार," ते म्हणाले.

भाभी दोन दिवस हसत होत्या. मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं.

त्यांच्या सगळ्या कामाचा प्रश्न एकच होता. तुमच्या घरी, गेलेल्या माणसाला काय देता? जुन्या संस्कृत ग्रंथांत पितरांना काय द्यावं याचे पानंच्या पानं नियम आहेत, ते त्यांना तोंडपाठ होते. आज एका शहरातल्या घराघरांत खरोखर काय देतात, हे त्यांना त्या ग्रंथांशेजारी ठेवायचं होतं. रायपूर का, तर इथे तासभर सायकल चालवली की छत्तीसगढी, ओडिया, तेलुगू, मारवाडी, मराठी, हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती सगळी घरं लागतात. यावर त्यांचं शेवटचं पुस्तक व्हायचं होतं. प्रकाशकाला ते दरवर्षी "आणखी एक वर्ष" असं कळवत.

हा प्रश्न ते कुठेही विचारत. माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला मी त्यांना घेऊन गेले होते. मुलीचे वडील पाहुण्यांना आग्रहाने गुलाबजाम वाढत होते. साहेबांनी ताट बाजूला ठेवून विचारलं, "आपके यहाँ गए हुओं को क्या देते हैं?" सहकारी बिचारा म्हणाला, "आज तो रहने दीजिए सर." साहेब म्हणाले, "हव. कल आता हूँ." आणि खरंच गेले. मुलगी सासरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, रिकाम्या घरात, ते दोघं दोन तास बोलत बसले होते. काय बोलले, ते त्या सहकाऱ्याने मला आजवर सांगितलेलं नाही. पण त्यानंतर तो दर महिन्याला साहेबांची तब्येत विचारायचा.

आमच्याकडेही त्यांनी विचारलं. आईच्या आधी मीच उत्तर दिलं, कारण असल्या गोष्टी मुद्देसूद सांगितलेल्या बऱ्या. आम्ही बौद्ध आहोत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच श्राद्ध, पिंड, कावळा हे सगळं आमच्या घरातून गेलं. बाबांच्या स्मृतिदिनाला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. वंदना होते, भंतेजी किंवा एखादे जाणकार बोलतात, सगळ्यांना जेवण देतो. विहारातल्या महिला मंडळाचं दप्तर माझ्याकडे असतं, त्यामुळे हे सांगताना मी अडखळत नाही. आई शेजारी बसून मान हलवत होती. "आमच्यात तसं काही नसते जी," ती म्हणाली. साहेबांनी चिठ्ठी लिहिली.

सहा-सात महिन्यांनी त्यांनी आईला पुन्हा तेच विचारलं. पुढच्या वर्षी पुन्हा. मी आईला म्हटलं, "सर विसरून राहिले वाटते. वय झालं."

"विसरू दे ना," आई मटार सोलत म्हणाली. "विचारते तं विचारते. तुले काय त्रास हाय?"

चिठ्ठ्या पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाच्या असत. वरच्या ओळीत देवनागरीत तारीख, घराचं नाव, पारा म्हणजे मोहल्ला, आणि प्रश्न. खालचं उत्तर त्यांच्या भाषेत, मुंगीएवढ्या अक्षरांत. मिठाईच्या रिकाम्या खोक्यांत त्या भरलेल्या असत, पंधरा-सोळा खोकी, भिंतीतल्या लाकडी कपाटात. सगळं पुस्तक तेवढ्यातच होतं. संगणकावर काही नव्हतं, कारण पडद्याकडे पाहिलं की त्यांचे डोळे दुखत. मी त्यांना तक्ता करून देते म्हटलं होतं. त्यावर ते हव म्हणाले होते.

मग एका डोळ्याचं फारच बिघडलं आणि ते शस्त्रक्रियेसाठी दोन महिने डेन्मार्कला गेले. जाताना म्हणाले, छत गळतं का तेवढं पाहा. तिसऱ्या आठवड्यात मी पाहायला गेले, तर छत कोरडं होतं आणि कपाटाच्या पाठीला वाळवी लागली होती.

इथून पुढचं मी जसं झालं तसं लिहिते. मी सगळी खोकी गच्चीवर काढली. कपाटाला औषध मारून घेतलं. चिठ्ठ्या उन्हात पसरल्या आणि प्रत्येक झटकली. त्यांत काही क्रम दिसेना. एकाच घराच्या चिठ्ठ्या चार वेगवेगळ्या खोक्यांत होत्या. तेव्हा मनात आलं की हे काम आपल्याला येतं. तीन रविवार लावून मी त्या चिठ्ठ्या पाऱ्यानुसार लावल्या, पाऱ्यात घरानुसार. मधे जाड पुठ्ठे, पुठ्ठ्यांवर नावं, प्रत्येक गठ्ठ्याला रबर, आणि एका वहीत अनुक्रमणिका. तेव्हा लक्षात आलं की निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या दुबार आहेत. तेच घर, तोच प्रश्न, फक्त तारीख पुढची. कार्यालयात आम्ही मूळ प्रत ठेवतो आणि दुबार काढून टाकतो. मी प्रत्येक घराची सर्वांत जुनी चिठ्ठी ठेवली. बाकीच्या, वाळवी पुन्हा पसरायला नको म्हणून, अंगणात पत्र्याच्या डब्यात जाळल्या. आमच्या घराच्या चार होत्या. एक ठेवली, तीन जाळल्या.

आई पायरीवर उभी होती. "त्यायले विचारलं काय वं?" तिने विचारलं.

"दुबार आहेत आई. त्यात काय विचारायचं?"

आई आत गेली.

साहेब परत आले त्या दिवशी मी रजा घेतली होती. वर जाऊन मी कपाट उघडून दाखवलं. ते बराच वेळ पुठ्ठ्यांवरची नावं वाचत राहिले. "फारच सुंदर," म्हणाले. एक गठ्ठा काढला, वरची चिठ्ठी वाचली, खालची वाचली, आणखी तीन-चार वाचल्या. मग विचारलं, "दुसऱ्या कुठे आहेत?"

"त्या दुबार होत्या सर. जाळल्या."

"हव," ते म्हणाले. गठ्ठ्याला रबर लावायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी चहा मागितला.

चहा पिताना त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी विद्यार्थिनीला सांगावं तसं. "पहिल्या वेळी मनुष्य पुस्तकातले सांगतो, व्यवस्थापिका. ते पुस्तक मजजवळ आहे. दुसऱ्या वेळी तो आपल्या आजीने काय केले ते सांगतो. तिसऱ्या, चौथ्या वेळी..." त्यांनी कप खाली ठेवला. "त्यासाठी मी इथे राहिलो."

म्हणजे मी अकरा वर्षांच्या कामातून नेमकी ती उत्तरं ठेवली होती जी लोक परक्याला देतात. कपाटात ओळीने तीच होती. सगळं विधीने करतो. काही करत नाही. खीर-पुरी. काही नाही.

मी विचारलं, "मग तुम्ही विसरत नव्हतात?"

"विसरत होतो," ते म्हणाले. "पहिल्यांदा विसरूनच पुनः विचारले. उत्तर निराळे आले. मग मुद्दाम विचारू लागलो. आता कधी मुद्दाम विचारतो आणि कधी विसरून, ते मलाही सांगता येत नाही."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला पुढची पायरी ठरवता आली असती. मी दोनदा माफी मागितली आणि दोन्ही वेळा हव असं उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन वर गेले. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याने काही दिसत नव्हतं, दुसरा डोळा साधारण वर्षभर काम देईल असं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढच्या मार्चमध्ये त्यांना कायमचं परत जायचं होतं. मी म्हटलं, "अनुक्रमणिकेत सगळी घरं आहेत. दर रविवारी मी तुम्हाला स्कूटीवर नेते. जेवढं पुन्हा मिळेल तेवढं मिळवू." त्यांनी वही उलटसुलट पाहिली. "ही वही उत्तम आहे," म्हणाले. ते मनापासून होतं की काय, मला समजलं नाही.

पहिला रविवार साहू भाभींचा ठेवला, शेजारीच म्हणून. मी वही घेऊन साहेबांच्या बाजूला बसले. भाभी म्हणाल्या, "हम तो सब विधि से करते हैं दीदी. तिथि देखकर, पंडित जी को बुलाकर. खीर, पूरी, बड़ा." साहेबांनी पेन उचललंच नाही. दुसऱ्या घरीही तेच झालं, तिसऱ्याही. चौथ्या घराच्या फाटकाशी ते मला म्हणाले, "आपण बाहेर थांबाल काय?" तेव्हा मला उमगलं की लोक उत्तर माझ्याकडे पाहून देत होते. मी टापटीप साडी नेसलेली, हातात वही असलेली बाई. माझ्यासमोर प्रत्येकाला शुद्ध उत्तर द्यावंसं वाटत होतं.

त्यानंतर सहा महिने मी रविवारी लोकांच्या फाटकांबाहेर स्कूटीवर बसून काढले. सदर बाजारात तर गाडी लावायलाही जागा नसते, तिथे मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहत असे. पंडरी बाजारातला एक कापडवाला बाहेर येऊन मला म्हणाला, "दीदी, अंकल को हम सब बता चुके हैं. एक बार बोल दिया सो बोल दिया. दुबारा नहीं निकलता मुँह से." मी त्याला सांगितलं की चूक माझी आहे, कागद मी जाळले. त्याने मला आपादमस्तक पाहिलं आणि आत निघून गेला. पण साहेब बाहेर आले ते तासाभराने.

एकदाच मी आतलं ऐकलं. ते चष्मा स्कूटीच्या डिकीत विसरले होते, तो द्यायला मी दारापर्यंत गेले. पूर्वी त्या घरातल्या म्हातारीने उत्तरं दिली होती. आता तीच गेली होती आणि सून बोलत होती. "सास से मेरी कभी नहीं बनी. गुड़ाखू घिसती थीं दिन भर, तो मैं डिबिया छुपा देती थी. अब पितर में पूरी डिबिया रख देती हूँ, खीर के पीछे. पंडित जी देख न लें बस." गुडाखू म्हणजे तंबाखू-गुळाची काळी मशेरी, इथल्या बायका दाताला लावतात. सून हसत होती आणि पदराने नाकही पुसत होती. साहेब लिहीत होते. मी चष्मा उंबऱ्यावर ठेवून परत आले. स्कूटीवर बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की म्हातारीने स्वतः जे सांगितलं होतं ते मी जाळलंय. आता तिला कोणी विचारू शकणार नाही.

त्या दिवशी परतताना मी विचारलं, "सर, आमच्या घराच्या तीन चिठ्ठ्यांत काय होतं?"

गाडीच्या आवाजात ऐकू गेलं नाही असं वाटून मी घरी आल्यावर पुन्हा विचारलं.

"मला स्मरत नाही," ते म्हणाले. जिना चढताना वळून म्हणाले, "आणि स्मरले असते तरी ते ताईंचे आहे." यातलं खरं कोणतं, ते मी अनेकदा मांडून पाहिलं. स्मरत नसेल तर दुसरं वाक्य कशाला? आणि स्मरत असेल तर पहिलं?

मी आईलाही विचारून पाहिलं. "तू काय सांगत होती त्यायले?"

"काय सांगणार? तू सांगितलं तेच."

"चार वेळा तेच?"

"मले काय मालूम त्यायनं काय लिवलं? मले ते भाषा येते काय?"

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी वहीत एकच घर उरलं होतं, आमचं. मी ते मुद्दाम शेवटी ठेवलं नव्हतं, पाऱ्याच्या क्रमाने ते तसं आलं. साहेब खाली आले आणि चटईवर बसले. आई पलंगावर, मी स्वयंपाकघराच्या दाराशी. त्यांनी पहिल्या दिवशीच्याच स्वरात विचारलं, "ताई, आपल्या घरी गेलेल्या माणसाला काय देता?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "आमच्यात तसं काही नसते जी," ती म्हणाली. "पुण्यानुमोदन करतो. वंदना घेतो. जेवण देतो. बस."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं नाही. ते माझ्याकडे पाहत नव्हते. आईही आता पाहत नव्हती, ती पदराच्या काठावरचा धागा ओढत होती. मी सहा महिने ज्या घरांच्या बाहेर बसले होते त्या सगळ्या घरांत मी आत असते तर काय झालं असतं, ते मला पहिल्यांदाच आतून दिसलं.

"मी जरा दूध घेऊन येते," मी म्हटलं.

"दूध हाय ना घरात," आई म्हणाली.

"तरी आणते."

मी चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि माझ्याच फाटकासमोर स्कूटीवर बसले. साहू भाभी गच्चीवरून वाकून म्हणाल्या, "क्या हुआ दीदी, चाबी भूल गईं?" मी हव म्हटलं. आतून आईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधे ती हसली. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा आवाज, हळू, आणि मधूनमधून साहेबांचं हव. घड्याळात पाहिलं तर पन्नास मिनिटं झाली होती. आमच्या घरात एवढं सांगण्यासारखं काय होतं, ते मला माहीत नाही. मी त्याच घरात राहते. बाबांच्या कपड्यांपासून पेन्शनच्या कागदांपर्यंत सगळं मीच लावून ठेवलेलं आहे.

साहेब मार्चमध्ये गेले. चिठ्ठ्यांची खोकी मी बांधून दिली, या वेळी एकही उघडली नाही. सध्या त्यांची भाची मधूनमधून लिहिते. ते आता वाचू शकत नाहीत, ती चिठ्ठ्या वाचून दाखवते आणि ते सांगतात ते उतरवून घेते. काही घरांबद्दल ते चिठ्ठीत नसलेलंही सांगतात, असं तिने लिहिलं आहे. ते जळलेल्यातलं आठवतंय की आत्ता सुचतंय, हे तिला ठरवता येत नाही आणि तिने मला विचारलं. मी उत्तर दिलं की मलाही सांगता येणार नाही, पण ते जे म्हणतील ते लिहून ठेवावं, आणि पुन्हा विचारावं.

गेल्या महिन्यात बाबांचा स्मृतिदिन होता. नेहमीसारखी मी आठवडाभर आधी यादी केली: भंतेजींना निमंत्रण, चटया, मेणबत्त्या, फुलं, स्वयंपाक, पांढरी साडी इस्त्रीला. या वर्षी खाली एक ओळ जास्त लिहिली, संध्याकाळी पाच ते सहा मी बाहेर. कार्यक्रम आटोपला, भांडी घासून झाली, शेवटचे पाहुणे गेले. पाच वाजता मी चपला घातल्या.

"कुठं चालली वं?" आईने विचारलं.

"काम आहे. तलावाकडे."

"किती वेळ लागन?"

"एक तास."

आई पायरीपर्यंत आली. "हव," ती म्हणाली. "आरामानं ये."